चोरीचा माल आणि घेणाऱ्याचे मन

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भारत–सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत असे त्याची राजधानी नागपूर होती. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढे भारतीय रेल्वेचे रूळ येथून जाऊ लागले. जेथे धातूच्या राशी, तेथे भंगाराचा तराजू ओघानेच येतो. आणि त्या तराजूपाशी कायद्याला एक जुने कोडे भेटते. दागिन्याला घडण असते, गुराला डाग असतो. तांब्याची तार मात्र एकदा मुशीत वितळली की आपला धनी कोण, हे सांगत नाही. मग ती चोरीची आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होते, हे सिद्ध कसे करावयाचे?

कौटिल्याने याची उकल मोठ्या व्यवहारी बुद्धीने केली. चोरीस गेलेली वस्तू सापडली नाही, तर त्या जातीच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्यांना तिची वर्दी द्यावी, असे अर्थशास्त्र सांगते. वर्दी मिळूनही जो वस्तू दडवील तो चोराचा साथीदार; अजाणता घेऊन परत करणारा निर्दोष. जुनी वस्तू विकावयाची वा गहाण टाकावयाची तर संस्थाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याला आधी कळवावे लागे. व्यापाऱ्याच्या मनाचा तळ शोधीत बसण्यापेक्षा त्याला अगोदरच जाणता करून ठेवण्याची ही युक्ती होती.

इंग्लंडमध्ये १६९१ च्या कायद्याने माल घेणारा चोराचा पाठीराखा ठरला. परंतु त्यामुळेच त्याचे दैव पुष्कळ अंशी मूळ चोराच्या दोषसिद्धीशी बांधले गेले. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ही गाठ सोडविली. कलम ४११ खाली घेणाऱ्याचा अपराध स्वतंत्र झाला. चोर हाती लागला नाही तरी त्याच्यावर खटला चालू शके. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे साध्या चोरीइतकीच. मात्र असा व्यवहार ज्याचा नित्याचा उद्योग, त्याला कलम ४१३ ने जन्मठेपेपर्यंत नेले. आणि ते योग्यच, कारण गिऱ्हाईक नसेल तर रुळाचा तुकडा घरी नेऊन चोराने करावे तरी काय?

या कलमात ‘घेणे’ याबरोबर ‘ठेवणे’ हाही शब्द आहे. सचोटीने विकत घेतलेली वस्तू चोरीची असल्याचे मागाहून कळले आणि तरीही ती अप्रामाणिकपणे ठेवून घेतली, तर अपराध त्या क्षणी घडतो. उलट, वस्तू हक्काच्या धन्याकडे परतली की ती ‘चोरीची’ उरत नाही.

मनातले जाणण्यासाठी १८७२ च्या पुरावा कायद्याने न्यायाधीशाला एक आधार दिला : चोरीनंतर अल्पावधीत माल ज्याच्यापाशी सापडला आणि ज्याला खुलासा देता आला नाही, तो एकतर चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारा, असे अनुमान त्याला करता येते. करावेच, असे नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम ३१७ मध्ये ही कलमे एकत्र आली असून फसवणुकीने मिळविलेला मालही आता चोरीच्या मालात गणला जातो.

रेल्वेला एवढ्याने भागले नाही. १९६६ च्या खास कायद्यान्वये, चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची मालमत्ता ज्याच्यापाशी सापडेल, त्यानेच ती कायदेशीर मार्गाने आल्याचे शाबीत करावयाचे असते. भिलाईत घडलेला रूळ कारखान्याच्या आवारातून गेला, तर घेणाऱ्याचे मन सरकार पक्षाने उलगडून दाखवावयाचे. तोच रूळ रेल्वेच्या ताब्यात आल्यावर नाहीसा झाला, तर ज्याच्या वखारीत तो निघाला त्याने जाब द्यावयाचा.