चतुःसीमा आणि छायाचित्र

भुसावळहून महामार्गाने वरणगावच्या दिशेने निघाले की फेकरी मागे पडते न पडते तोच दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र समोर येते. 'समोर येते' हा शब्दप्रयोग तितकासा बरोबर नाही. ह्या परिसरात राहणाऱ्याच्या समोर ते सदैव असतेच. गच्चीवर वाळवण घालणारी बाई असो की केळीच्या बागेत पाणी धरणारा शेतकरी, मान वर केली की लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या चिमण्या दिसतात. राखेचेही तसेच. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोट फिरवले की बोटाला करडा रंग लागतो. त्याविषयी येथील माणूस तक्रार करतो आणि तेथेच राहतो, कारण त्याच केंद्राने त्याच्या घरात पगार आणलेला असतो.

काही काळापूर्वी आमच्या एका सहकाऱ्याने ह्या परिसरातील एका नव्या ले-आउटमधल्या प्लॉटसाठी इसार दिला. ते मूळचे दूरच्या जिल्ह्यातले. निवृत्तीनंतर येथेच स्थायिक व्हावे, असे त्यांच्या मनात होते. मोबाइलवर आलेले छायाचित्र त्यांनी मला मोठ्या हौसेने दाखवले होते. कमान, डांबरी रस्ता, दुतर्फा रोपे आणि वर निळेशार आभाळ, त्यात कापसासारखे ढग. जागा मला ओळखीची वाटली, पण काहीतरी चुकते आहे असेही वाटले. काय चुकते आहे, ते मात्र मला त्या वेळी सांगता आले नाही, ह्याची बोच अजून आहे. रविवारी ते पत्नीसह प्लॉट पाहायला गेले, तेव्हा उलगडा झाला. छायाचित्राच्या उजव्या अंगाला जेथे ढग होते, तेथे प्रत्यक्षात चिमण्या होत्या. वहिनींना दम्याचा त्रास. त्या गाडीतून उतरल्याही नाहीत. इसाराची रक्कम परत मिळाली ती निम्मी, आणि तीही चार महिने हेलपाटे घातल्यावर.

ते छायाचित्र 'दुरुस्त' करणारा तरुण योगायोगाने आमच्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी निघाला. मी त्याला विचारले, तेव्हा तो संकोचला नाही. म्हणाला, "सर, लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या गालावरचा पिंपल काढतोच ना आपण? तसंच हे. आभाळ बदलायला अर्धा मिनिट लागतो." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. उलट, ज्याचे उत्तर मला तत्काळ देता येऊ नये असा तो प्रश्न होता. गालावरचा पिंपल आणि क्षितिजावरची चिमणी ह्यांत नेमका फरक कोणता? प्रस्तुत लेख म्हणजे ह्या प्रश्नामागोमाग जुन्या छायाचित्रांकडे केलेला प्रवास आहे.

प्रथम आभाळाविषयी. आभाळ बदलण्याचा उद्योग संगणकाने सुरू केला, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती अशी की तो छायाचित्रणाच्या जवळजवळ जन्मापासूनचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वापरात आलेली कलोडियनची काच निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील असे. इमारत किंवा जमीन नीट उमटेपर्यंत काच उघडी ठेवली की आभाळ जळून कोरे, पांढरे होऊन जाई. म्हणून छायाचित्रकार निगेटिव्हवर आभाळाचा भाग काळ्या रंगाने झाकून टाकीत, किंवा ढगांची वेगळी काच घेऊन ती छापताना जोडून देत. फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ल ग्रे ह्याची १८५६-५७च्या सुमाराची समुद्रदृश्ये अशाच दोन काचांच्या जोडणीसाठी प्रसिद्ध आहेत. म्हणजे त्या काळच्या इमारतींवरचे आभाळ कित्येकदा त्या इमारतीचे नसेच. पण येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. ल ग्रेच्या समुद्रावर आभाळ खरोखरच होते, ते काचेला पकडता आले नव्हते. साधनाच्या उणिवेमुळे जे निसटले, ते तो परत आणीत होता.

मुंबईत ह्याच सुमारास याहून विलक्षण गोष्ट घडत होती. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय सभासदांपैकी. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण ह्यांच्यासारखे व्यावसायिक त्यातून तयार झाले. ह्या सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होता विल्यम जॉन्सन. मुंबईतील नाना जातिजमातींच्या लोकांच्या छायाचित्रांचे त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील माणसे आपल्याला मुंबईतल्या एखाद्या वास्तूसमोर वा मोकळ्या जागी उभी दिसतात. प्रत्यक्षात ती तेथे उभी नव्हतीच. माणसांची छायाचित्रे एकीकडे, स्थळांची दुसरीकडे; मग माणसे कापून स्थळावर बसवलेली. बारकाईने पाहिले की कडा दिसतात, सावल्या जुळत नाहीत. पण पुस्तकाचा आविर्भाव मात्र ज्ञानकोशाचा. लंडनमधल्या वाचकाने ते मुंबई म्हणूनच पाहिले असणार. कात्री आणि डिंक ह्यांनी केलेले हे काम आणि आज रिकाम्या खोलीच्या छायाचित्रात सोफा, गालिचा व कुंडी बसवणारे काम ह्यांचे कुळ एकच आहे.

ह्या कुळातला निदान एक पूर्वज आमच्या भुसावळच्या मातीत आहे. मेजर रॉबर्ट गिल ह्याला १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमण्यात आले. मराठी वाचकाला तो परिचित आहे तो मुख्यतः पारूमुळे, म्हणजेच ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' ह्या दीर्घकवितेमुळे. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक सर्व चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये डिसेंबर १८६६ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाली. गिल छायाचित्रकारही होता, हे तितकेसे लक्षात राहत नाही. पश्चिम भारतातील लेण्यांची व वास्तूंची त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली पुस्तकरूपाने आली. १८७९ मध्ये तो वारला आणि भुसावळात त्याचे दफन झाले.

वास्तूचे चित्र अधिक उठावदार करण्याचा मोह किती दूर जाऊ शकतो, ह्याचे उदाहरणही अजिंठ्यातच सापडते. गिलनंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ ह्या काळात पुन्हा नकला करून घेतल्या. एकोणिसाव्या शतकातील ह्या नकलाकारांनी अंधाऱ्या लेण्यात रंग नीट दिसावेत म्हणून मूळ भित्तिचित्रांनाच व्हार्निश लावले. रंग उजळले खरे, पण काही काळापुरतेच. पुढे ते व्हार्निश पिवळे पडले, काळवंडले, आणि चित्रांचे जे व्हायचे ते झाले. १९२०च्या सुमारास निजामाच्या राज्याने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी ह्यांना जतनाच्या कामासाठी बोलावले, आणि व्हार्निशचे थर उतरवण्याचे काम पुढील पिढ्यांनाही पुरले. नक्कल चांगली यावी म्हणून अस्सलाला रंगवण्याचा हा प्रकार मला आजच्या 'दुरुस्ती'पेक्षा भयंकर वाटतो. आजचा तरुण निदान चिमणीला हात लावत नाही. (लावला असता तर परिसराने त्याचे आभारच मानले असते!)

माझ्या विद्यार्थ्याने लग्नाच्या अल्बमचा दाखला दिला होता, म्हणून आता स्टुडिओकडे वळू. स्टुडिओतला पडदा कोणाला आठवत नाही? संगमरवरी जिना, खांब, कारंजे, मागे बाग, आणि पुढे खुर्चीवर ताठ बसलेले आजोबा. खानदेशातील धाब्याच्या घरात, मातीच्या छपराखाली हयात घालवलेली माणसे छायाचित्रात राजवाड्याच्या पायरीवर उभी आहेत. यात्रांमधून तर पुठ्ठ्याची मोटार आणि विमानही मिळे. अमळनेर, सारंगखेडा, मुक्ताईनगर, कोणत्याही यात्रेत जा. विमानाच्या खिडकीतून हात हलवणारे जोडपे कोणाच्या तरी भिंतीवर टांगलेले सापडेलच. पुढे छायाचित्रे हाताने रंगवण्याची पद्धत आली, दागिने चढवले गेले, गालांवर लाली आली. हे सगळे खोटेच. पण ह्या खोट्यात फसवणूक झाली कोणाची? बसणाऱ्याला पडदा ठाऊक होता, काढणाऱ्याला ठाऊक होता, आणि भिंतीवर ते पाहणाऱ्या शेजाऱ्यालाही ठाऊक होता. तो एक सर्वसंमत खेळ होता. शिवाय त्या जिन्याची किंमत कोणी मोजत नव्हते.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे गवसते. पिंपल काढला जातो तेव्हा छायाचित्राचा मालक आणि छायाचित्राचा विषय एकच असतो. प्लॉटचे छायाचित्र मात्र ज्याने तो प्लॉट पाहिलेला नाही, नेमक्या त्याच माणसासाठी काढलेले असते. पडदा आहे हे ज्याला ठाऊक नाही, अशा एकट्यासमोर तो टांगलेला असतो.

आपल्याकडे स्थावराचा व्यवहार मुळात चित्राचा नव्हता, शब्दांचा होता, आणि त्या शब्दांचा प्राण म्हणजे चतुःसीमा. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाच्या चारही बाजूंना कोणती गावे, कोणती नदी आहे ते सांगून ते गाव 'चतुराघाटन' म्हणजे चार सीमांनी ओळखले जाणारे असल्याचे कोरलेले असे. तीच रीत आजच्या खरेदीखतात आहे: पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम २१मध्येही शहरातील घराचे वर्णन ते कोणत्या रस्त्याच्या कोणत्या अंगाला तोंड करून आहे ह्यावरून करावे, असे सांगितले आहे. जमीन म्हणजे केवळ तेवढा तुकडा नव्हे, तिच्या भोवतीचे जग हीच तिची ओळख, हे शहाणपण त्यात आहे. छायाचित्र ह्याच्या नेमके उलट वागते. ते चौकट घालते आणि चौकटीबाहेरच्या तीन दिशा टाकून देते. रुंद भिंगाने दहा फुटांची खोली दालनासारखी दाखवते. चौथ्या दिशेत काही खुपणारे उरलेच, तर ते पुसण्याची सोय आता आहे. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठावर आडवे छायाचित्र उभे बसावे म्हणून गिझाचे पिरॅमिडच संगणकावर एकमेकांजवळ सरकवले, तेव्हा जगभर टीका झाली होती. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९०ची, म्हणजे त्यानंतर आठ वर्षांनी आलेली. आज पिरॅमिड सरकवण्याची ताकद प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि टीका कोण कोणावर करणार?

कायद्याने हे सर्व निमूट पाहिले, असे मात्र नाही. सदनिका विकणाऱ्यांच्या गैरप्रकारांमुळे महाराष्ट्राने १९६३ सालीच मालकी सदनिकांचा कायदा करून जागेचा हक्क, नकाशे उघड करणे बंधनकारक केले. २०१६चा स्थावर संपदा कायदा, ज्याला आपण 'रेरा' म्हणतो, आणखी पुढे गेला. त्याच्या कलम १२नुसार जाहिरातीतील वा नमुना सदनिकेतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला नुकसानभरपाई मागता येते, व्यवहार सोडून व्याजासह पैसे परत घेता येतात. महारेराचे कामकाज मे २०१७पासून सुरू झाले. १ ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीत क्यूआर कोड देणे सक्तीचे झाले. तो उघडला की प्रकल्पाची नोंद समोर येते, आणि गंमत म्हणजे त्या नोंदीत पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर अशा चतुःसीमाही असतात. ताम्रपट असा मोबाइलमध्ये आला. तथापि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील छोट्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही, आणि स्वतःचे जुने घर विकणारा माणूस विकासक नसल्यामुळे ह्या कलमाच्या बाहेरच राहतो. शिवाय मूळ अडचण उरतेच. चिमणी प्लॉटला लागून नाही, तेव्हा ती चतुःसीमेतही येत नाही. आमच्या सहकाऱ्याच्या कागदावर पूर्वेस प्लॉट, पश्चिमेस रस्ता असे सारे यथास्थित होते. शब्दांनी चिमणी सांगितली नाही, छायाचित्राने ती पुसली, आणि निळे आभाळ हे 'खोटे विधान' ठरते की नाही, ह्यावर वकील वाद घालू शकतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२६पासून अमलात आणलेला नियम मला म्हणूनच अधिक शहाणपणाचा वाटतो. उजेड, रंगसंतुलन, कातरणी अशा नेहमीच्या सुधारणांना तेथे मोकळीक आहे. पण वस्तू घातली किंवा काढली, खिडकीबाहेरचे दृश्य बदलले, तर दलालाने तसे स्पष्ट सांगायचे आणि मूळ छायाचित्र पाहण्याची सोय करून द्यायची. मनाई नाही, फक्त पडदा आहे एवढे सांगणे आहे. स्टुडिओतल्या आजोबांना जे न सांगता ठाऊक होते, ते येथे कायद्याने सांगायला लावले आहे.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, ओरिजिनल आम्ही कधीच डिलीट करत नाही. कोणी मागितलं तर देतो. पण मागत कोणीच नाही." मी मागितले. त्याने संगणकावर ते उघडले. दोन्ही चिमण्या होत्या, त्यांतल्या एकीतून निघालेला धूर सातपुड्याकडे वळला होता. आभाळ खानदेशातल्या एप्रिलचे, फिकट मातकट. रोपे नव्हतीच, त्या जागी खुंटाला बांधलेली एक शेळी होती. आणि चौकटीच्या वरच्या बाजूने, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, केंद्रातून निघालेल्या विजेच्या तारा गेल्या होत्या. त्याही पुसल्या होत्या, हे तोवर माझ्या लक्षात आले नव्हते.