दवंडी आणि वानगी

नवा चित्रपट लागण्यापूर्वीं त्याची दोन-तीन मिनिटांची झलक, जिला आज सर्वजण ट्रेलर म्हणतात, इंटरनेटवर प्रसिद्ध होते. आणि घटका उलटते न उलटते तोंच लाखों प्रेक्षक आपापला निकाल देऊन मोकळे होतात. चित्रपट अद्याप कोणीं पाहिलेला नसतो. पण त्याची कुंडली मात्र मांडून झालेली असते. हा प्रकार अगदीं नवा आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. गिरगांव-दादरचा इतिहास चाळला तर ती अर्धीच खरी ठरते. पुढें काय दाखविणार हें आधीं सांगण्याचा उद्योग आपल्याकडे चित्रपटाइतकाच जुना आहे.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. तत्पूर्वीं 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या जाहिरातींत हें शतकांतील आश्चर्य असल्याचा डिंडिम वाजला होता. वस्तु खरोखरच अपूर्व असल्यामुळें तो कोणास बोचला नाहीं. पुढें १८ मे १९१२ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' लागला. आठवड्यानें आलेल्या जाहिरातींत अशी बढाई होती कीं, मुंबईच्या जवळजवळ निम्म्या हिंदु वस्तीनें हा खेळ पाहिला. आतां उरलेल्या निम्म्या वस्तीनें यावें! १९११ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या ९ लाख ८० हजारांच्या घरांत होती. एका चित्रगृहांत एका आठवड्यांत किती माणसें मावतील, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

ही झाली दवंडी. परंतु त्याच वर्षीं निराळ्या जातीची एक पूर्वप्रसिद्धि झाली. दादरच्या ज्या मुख्य रस्त्यास आज दादासाहेब फाळक्यांचें नांव आहे, तेथें 'राजा हरिश्चंद्र' घेण्याआधीं फाळक्यांजवळ विलायतेहून आणलेला कॅमेरा होता, पण भांडवल नव्हतें. त्यांनीं कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि महिनाभर नेमानें त्याचीं चित्रें घेतलीं. पडद्यावर तो कोंब मिनिटभरांत डोळ्यांदेखत वाढे. हा इवलासा चित्रपट पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनीं कर्ज देऊं केलें. दुकानदार मूठभर तांदूळ गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो, ती वानगी. तींत आवाज थोडा असला तरी माल खरा असतो.

३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्यें लोकांसमोर आला. पण दवंडीचा मोह फाळक्यांनाहि सुटला नाहीं. सुरतेस प्रेक्षक येईनात. कारण उघड होतें: तेवढ्याच पैशांत रात्रभर चालणारें नाटक मिळत असतां हा तास-दीड तासाचा खेळ कोण पाहणार? तेव्हां अशी जाहिरात देण्यांत आली कीं, ५७ हजार छायाचित्रें, दोन मैल लांबीचें चित्र, आणि हें सर्व अवघ्या तीन आण्यांत! मग गर्दी लोटली, असें सांगतात. फिल्मच्या एका फुटांत १६ चित्रें बसतात. त्या मानानें ५७ हजार चित्रांस सुमारें ३,५६० फूट लागतील. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. म्हणजे एकाच जाहिरातींत पहिला आंकडा खरा मानला, तर दुसरा तिप्पट फुगविलेला! ज्यानें वाटाण्याच्या दाण्यावर विश्वास मिळविला, त्याच्याच खेळास मैलांची भूल घालावी लागली, ही या धंद्याची खरी अडचण आहे.

तथापि दवंडीचें आयुष्य अल्प असतें. १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवच्या मॅजेस्टिकमध्यें 'आलम आरा' लागला, तेव्हां गर्दी आवरण्यास पोलीस लागले. पडदा बोलणार असें सांगितलें होतें, आणि तो बोलला. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ च्या डिसेंबरांत सेंट्रल सिनेमांत लागला आणि वर्षाहून अधिक काळ हलला नाहीं. कोणतीहि जाहिरात एखादें चित्र वर्षभर उभें ठेवूं शकत नाहीं. पाहून आलेल्या माणसानें चाळीच्या गॅलरींत न पाहिलेल्यास सांगितलें, म्हणजेच तें घडतें. त्या काळीं निकाल लागे तो पाहिल्यानंतर.

नवें आहे तें इतकेंच, कीं निकाल आतां आधीं लागतो. २०२० सालीं 'सडक २' या हिंदी चित्रपटाच्या झलकेवर यूट्यूबवर एक कोटीहून अधिक नापसंतीचे ठसे पडले. राग त्या चित्रापेक्षां चित्रपटसृष्टींतील घराणेशाहीवर होता. तो निघाला मात्र न पाहिलेल्या चित्रावर. पुढल्या वर्षीं यूट्यूबनें नापसंतीचे आंकडे सर्वांच्याच बाबतींत लोकांपासून झांकले.

उलट बाजूची तक्रारहि खोटी नाहीं. २०१६ च्या 'फॅन' चित्रपटाच्या जाहिरातींत दाखविलेलें गाणें चित्रपटांत नव्हतेंच. औरंगाबादच्या एका शिक्षिकेनें ग्राहक मंचाकडे दाद मागितली. खालीं ती फेटाळली गेली; वर राज्य आयोगानें १० हजार रुपयांची भरपाई देवविली. अखेर २२ एप्रिल २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. झलक ही एकतर्फी प्रसिद्धि आहे, ती वचन नव्हे; तिच्यांतून करार उत्पन्न होत नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें.

कायद्याच्या दृष्टीनें हें आम्हांस मान्य आहे. कलावंताची कात्री शेवटपर्यंत मोकळीच असावी. पण करार नसला तरी पत असते, आणि ती न्यायालयांत ठरत नाहीं. निर्मात्यानें वानगी त्याच पोत्यांतली द्यावी. प्रेक्षकानेंहि मूठभर तांदूळ पाहून सगळें कोठार नासकें ठरवूं नये. नाडकर्ण्यांनीं वाटाण्याचा वेल पाहून हरिश्चंद्रासाठीं पैसे दिले. हरिश्चंद्र कसा होईल हें त्यांस ठाऊक नव्हतें. कोंब खरा आहे, एवढेंच त्यांनीं पाहिलें होतें.