दिनविशेष : २० एप्रिल – टिटो पुएन्ते

लॅटिन जॅझचे तालवादक आणि बँडप्रमुख टिटो पुएन्ते यांचा आज जन्मदिन (१९२३). जन्म न्यूयॉर्कच्या हार्लेमचा, आईवडील पोर्तो रिकोचे. लहानपणी त्यांना नर्तक व्हायचे होते, पण घोट्याच्या दुखापतीने ते राहून गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात चाकरी झाली. परतल्यावर माजी सैनिकांसाठीच्या सरकारी सवलतीतून त्यांनी नामांकित जुलियार्ड संस्थेत संगीताचे शिक्षण घेतले.

त्यांचे वाद्य टिंबालेस : धातूच्या घेराचे दोन उथळ ढोल, काठ्यांनी वाजवायचे. तालवादकाने मागे बसावे, हा रिवाज. पुएन्ते यांनी टिंबालेस रंगमंचाच्या पुढच्या कडेला आणले आणि उभ्याने वाजवत तिथूनच वाद्यवृंद चालवला. पन्नासच्या दशकात न्यूयॉर्कच्या पॅलेडियम बॉलरूम या नृत्यगृहात माचितो आणि टिटो रॉद्रिगेझ यांच्या बँडशी त्यांची चुरस रंगे. नाचणाऱ्यांची मात्र चंगळ! ‘डान्स मेनिया’ (१९५८) ही त्यांची गाजलेली तबकडी.

‘ओये कोमो वा’ हे गाणे त्यांचेच, साठच्या दशकाच्या सुरुवातीचे. १९७० मध्ये रॉक संगीतकार कार्लोस सांतानांनी ते गिटारवर घेतले आणि ते जगभर पोचले. अनेक श्रोते आजही ते सांतानांचेच समजतात, हा थोडा अन्यायच. रॉयल्टीने मात्र तो बराच भरून काढला असावा. पाच ग्रॅमी पुरस्कार मिळवणारे पुएन्ते २००० साली निवर्तले. शेवटच्या वर्षापर्यंत त्यांचे कार्यक्रम चालू होते.