‘जय भीम’ सिनेमात जात दिसली, पण कुरवांचे नाव कुठे गेले?

तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्यांना दारातच जात विचारली जाते. वरच्या जातींचे लोक घरी जातात. बाकीच्यांना बाहेर थांबलेले पोलीस खोट्या गुन्ह्यांत अडकवण्यासाठी वाटून घेतात. टी. जे. ज्ञानवेल दिग्दर्शित ‘जय भीम’ (२०२१) या तमिळ सिनेमाची ही सुरुवात. गुन्ह्याच्या तपासात जात कशी काम करते, हे आपल्या सिनेमाने इतक्या उघडपणे क्वचितच दाखवले आहे. त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

सिनेमाला आधार आहे १९९३ च्या एका खऱ्या प्रकरणाचा. चोरीच्या संशयावरून उचललेला राजाकण्णू पोलीस कोठडीत मारला गेला. त्याच्या पत्नीने हार मानली नाही. वकील के. चंद्रू यांनी तिची बाजू मद्रास उच्च न्यायालयात मांडली. हेच चंद्रू पुढे त्या न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

पडद्यावरचा राजाकण्णू इरुला आदिवासी आहे. खरा राजाकण्णू मात्र कुरवा समाजाचा होता. कोणी म्हणेल, यात काय बिघडले? दोघेही गरीब, दोघांवरही अन्याय. बिघडले ते इथे.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. १९११ च्या कायद्याने तो मद्रास इलाख्यातही पोहोचला आणि कुरवा (कोरवा) समाजावर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का बसला. हजेरी, परवानगीशिवाय गावाबाहेर जायला बंदी, तारेच्या कुंपणातली वसाहत, हे सगळे त्यासोबत आले. आपल्या सोलापूरच्या सेटलमेंटमध्येही हेच घडले. तिथे डांबलेल्यांमध्ये कैकाडी होते, आणि कैकाडी व कोरवा यांचे नाते अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणजे हा इतिहास फक्त तमिळनाडूचा नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण पोलिसांच्या डोक्यातली यादी रद्द झाली नाही. चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर धाड का पडते, याचे उत्तर त्या यादीत आहे. राजाकण्णूवर संशय का आला, याचेही उत्तर तिथेच शोधावे लागते. कुरवा हे नाव पुसले की तो दुवाच तुटतो. मग उरतात काही क्रूर पोलीस आणि एक शूर वकील. व्यवस्था सुटते.

इरुलांची दुःखे खोटी नाहीत. त्यांनाही सिनेमा हवा. पण एका समाजाच्या मृत्यूवर दुसऱ्याचे नाव लिहून कोणालाच प्रतिनिधित्व मिळत नाही. शोषितांचे चेहरे अदलाबदल करण्यासारखे नसतात, कारण प्रत्येकाच्या शोषणाचा कायदा, कागद आणि तारीख वेगळी असते.

‘जय भीम’ हे अभिवादन रुजवले कामठीच्या बाबू हरदास यांनी. माणसाला माणूस म्हणून ओळख देणारे हे दोन शब्द आहेत. ते सिनेमाच्या शीर्षकात आले याचा आनंद आहेच. म्हणूनच हिशेबही मागायचा: ज्याच्या मरणावर कथा उभी राहिली, त्याच्या समाजाचे नाव पडद्यावर का नाही? आणि पुढच्या वेळी ही कथा लिहायला, दिग्दर्शित करायला विमुक्तांची पोरे कॅमेऱ्यामागे असतील का?

जय भीम!