खोडाळ्याच्या पेठेत कॅमेरा लावताना : काय दिसावं, काय दिसू नये

सीसीटीव्ही कॅमेरा आता मुंबई-ठाण्यापुरता राहिलेला नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या खोडाळ्यासारख्या बाजाराच्या गावातही दुकान, घर किंवा मस्जिदीच्या गेटवर कॅमेरा लावायचा विचार होतो. मग पहिला प्रश्न येतो, "कोणत्या कंपनीचा चांगला?" आमच्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. आधी ठरवायचं ते वेगळंच : कोणाचा चेहरा, कोणत्या जागी ओळखू यायला हवा? किती दिवसांनंतर तो पाहावा लागेल? आणि कोण त्यात मुळीच दिसू नये?

समजण्यासाठी एक नमुना घेऊ. रस्त्याला लागून दुकान, वर राहतं घर, बाजूला गल्ली आणि मागे पडवी. आपल्या अनेक व्यापारी कुटुंबांची मांडणी अशीच असते. या घराला धरूनच पुढची माहिती देत आहोत.

आधी कागदावर नकाशा काढा

दुकानाचं शटर, गल्ला, बाजूचा दरवाजा आणि मागची पडवी. माणूस आत येतो किंवा बाहेर जातो अशा जागा एवढ्याच. बहुतेक घरांना चार कॅमेरे पुरतात. आठ कॅमेऱ्यांत सगळं "साधारण" दिसण्यापेक्षा चार कॅमेऱ्यांत चार जागा स्वच्छ दिसलेल्या बऱ्या.

कॅमेरा आठ ते दहा फुटांवर लावावा. फार वर लावला तर फक्त टोपी आणि डोकं दिसतं. दुकानाच्या आतून शटरकडे तोंड करून लावला तर दिवसा बाहेरच्या उजेडामुळे येणाऱ्याचा चेहरा काळा पडतो. अशा जागी डब्ल्यूडीआर ही सोय असलेला कॅमेरा घ्यावा, नाहीतर कॅमेरा दरवाजाच्या बाजूच्या भिंतीवर तिरका लावावा.

चेहरा किती अंतरावरून ओळखू येतो?

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. दुकानदार म्हणतो, "तीस मीटर रेंज आहे." ती बहुतेक वेळा रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडाची रेंज असते, चेहरा ओळखण्याची नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अनोळखी माणसाची ओळख पटायला चित्रात एका मीटरला 250 पिक्सेल लागतात. कोणीतरी आहे एवढंच कळायला 25 पुरतात.

दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र 1920 पिक्सेल रुंद असतं. म्हणजे साडेसात मीटरच्या आसपास रुंदीचा भाग दिसत असेल तिथपर्यंतच चेहरा पक्का ओळखू येतो. लेन्सप्रमाणे हिशेब असा :

- 2.8 मिमी लेन्स : पसारा मोठा दिसतो, चेहरा सुमारे 3 मीटरपर्यंत.
- 4 मिमी लेन्स : चेहरा सुमारे 4 मीटरपर्यंत.
- 6 मिमी लेन्स : पसारा कमी, पण चेहरा 7-8 मीटरपर्यंत.

म्हणून गल्ल्यावर 2.8 चालेल, पण गल्लीच्या टोकाकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याला 6 घ्यावी. आकडे दिवसाच्या चांगल्या उजेडाचे आहेत, रात्री ते घटतात. पैसे देण्यापूर्वी घरातल्या एकाला त्या जागी उभं करा आणि मोबाईलवर नाही, मोठ्या स्क्रीनवर चेहरा पाहून घ्या.

पाऊस, लाईट आणि नेटवर्क

जव्हार-मोखाड्याचा पाऊस सांगायला नको. बाहेरचा कॅमेरा आयपी 66 किंवा आयपी 67 दर्जाचाच घ्यावा. पाणी कॅमेऱ्यात कमी आणि जोडात जास्त शिरतं. बीएनसी आणि डीसी पिनचे जोड उघड्यावर टेप गुंडाळून सोडू नयेत, बंद डब्यात घ्यावेत. वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलावरून गळून जातं. बाहेर घुमटाच्या आकाराचा डोम लावण्यापेक्षा पुढे छज्जा असलेला बुलेट कॅमेरा बरा. डोमच्या काचेवर थेंब बसले की रात्री चित्र धुरकट होतं. इन्फ्रारेड दिव्यांभोवती किडे आणि पाठोपाठ कोळी येतात. महिन्यातून एकदा जाळी झाडून घ्यायची.

लाईट जाणं हा दुसरा मुद्दा. चोर लाईटची वाट पाहत नाही. चार कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर मिळून साधारण 40 ते 50 वॅट खातात. हे सगळं इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यावं. चांगल्या 150 एएच बॅटरीवर एवढंच चालवलं तर दहा-बारा तास निघतात, पंखे लावले की वेळ कमी होतो. पावसाळ्याच्या तोंडाला आणि परतीच्या पावसात विजा पडतात. त्यासाठी अर्थिंग तपासून घ्या आणि सर्ज प्रोटेक्टर बसवा.

नेटवर्कचं म्हणाल तर फक्त क्लाऊडवर साठवणारी सिस्टीम डोंगरात घेऊ नका. रेकॉर्डिंग घरातल्याच हार्ड डिस्कवर व्हायला हवं, इंटरनेट फक्त दुरून पाहण्यासाठी. मोबाईलवर सब-स्ट्रीम, म्हणजे हलकं चित्र लावलं की कमी नेटवर्कमध्येही चालतं. मेमरी कार्डवाला स्वस्त वाय-फाय कॅमेरा एकटाच ठेवला तर चोर कॅमेऱ्याबरोबर पुरावाही घेऊन जातो.

डीव्हीआर की एनव्हीआर?

डीव्हीआर सिस्टीममध्ये प्रत्येक कॅमेऱ्याला थ्री-प्लस-वन केबल जाते. खर्च कमी, दुरुस्ती सोपी. एनव्हीआर सिस्टीममध्ये नेटवर्क केबल लागते. एकाच केबलमधून चित्र आणि वीज दोन्ही जातात आणि एक तुकडा 100 मीटरपर्यंत चालतो. चार कॅमेऱ्यांच्या दुकान-घराला डीव्हीआर पुरतो. शाळा, मोठं आवार किंवा पुढे कॅमेरे वाढणार असतील तर एनव्हीआर. दुरुस्तीवाला जव्हार, कसारा किंवा नाशिकहून येणार असेल तर त्याला जी सिस्टीम येते तीच घ्या. पार्ट मिळाला नाही तर महागडा कॅमेराही भिंतीची शोभा होऊन बसतो.

केंद्र सरकारने एप्रिल 2024 मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या किमान अटी ठरवल्या आणि एप्रिल 2025 पासून त्यांची चाचणी सक्तीची केली. म्हणून बिल नसलेला, बिननावाचा माल टाळा. खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' अॅपवर तपासता येतो.

रेकॉर्डिंग किती दिवस राहील?

दोन मेगापिक्सेल कॅमेरा एच.265 पद्धतीने, 2 एमबीपीएस वेगाने चोवीस तास रेकॉर्ड झाला तर दिवसाला सुमारे 21 ते 22 जीबी जागा लागते. चार कॅमेऱ्यांना 86 जीबी. म्हणजे 1 टीबी डिस्कमध्ये अकरा दिवस, 2 टीबीमध्ये बावीस-तेवीस दिवस. जुन्या एच.264 पद्धतीत जागा साधारण दुप्पट लागते. लग्नाला किंवा उमराहला गेलेलं कुटुंब पंधरा-वीस दिवसांनी परततं आणि चोरी तेव्हा कळते. म्हणून 2 टीबी, आणि तीही सीसीटीव्हीसाठी बनवलेली डिस्क घ्यावी. संगणकातून काढलेली जुनी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी नसते.

घड्याळाचं महत्त्व जालन्याला विचारा

सगळ्यात दुर्लक्षित सेटिंग म्हणजे तारीख आणि वेळ. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं हे की 27 सप्टेंबरला दुपारी 3 ची मुदत संपल्यावर अर्ज घेतला गेला. निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग हा त्यातला महत्त्वाचा पुरावा होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये निवडणूक रद्द केली. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि एक नियम पक्का केला : मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही, फक्त कॉपी दिली, तर तिच्यासोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच.

हा मोठ्या लोकांचा खटला झाला, पण धडा आपल्यासाठीही आहे. तुमच्या मुलावर आरोप झाला की तो रात्री दहाला अमुक ठिकाणी होता, आणि तुमच्या कॅमेऱ्यात तो त्याच वेळी दुकानाचं शटर ओढताना दिसतो. पण रेकॉर्डरवर तारीखच चुकीची असेल तर? रेकॉर्डरच्या आतला बटणासारखा छोटा सेल संपला की लाईट गेल्यावर घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेवर जातं. वारंवार लाईट जाणाऱ्या भागात हे हमखास होतं. टाइम झोन अधिक 5:30 ठेवा, इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळण्याची सोय चालू करा आणि तरीही दर महिन्याला मोबाईलशी ताडून पाहा.

पासवर्ड : चावी मिस्त्रीकडे ठेवू नका

ऑक्टोबर 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. आत शिरायला त्याने कंपनीचे ठरलेले पासवर्डच वापरले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या महिलांच्या तपासणीचं चित्रण इंटरनेटवर विकलं गेल्याचं उघड झालं. कॅमेरे तपासणीच्या खोलीत होते, हा पहिला गुन्हा. त्यांना नीट कुलूप नव्हतं, हा दुसरा.

मिस्त्री जाण्यापूर्वी त्याच्यासमोरच अॅडमिन पासवर्ड बदला. दुकानाचं नाव किंवा मोबाईल नंबर ठेवू नका. घरातल्या इतरांना फक्त पाहण्यापुरतं वेगळं खातं द्या. राऊटरवर पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी बंद ठेवा. नोकर किंवा मिस्त्री बदलला की पासवर्डही बदला.

घराची आणि शेजाऱ्याची इज्जत

दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरू नये आणि कोणाची टोह घेऊ नये, या दोन्ही गोष्टींची ताकीद आपल्याला सूरह नूर आणि सूरह हुजुरातमधून मिळते. कॅमेरा म्हणजे डोळाच आहे. शेजारच्या खालांची पडवी, समोरच्या घराची खिडकी, बायका कपडे वाळत घालतात ती गच्ची त्यात येता कामा नये. कॅमेरा वळवून भागत नसेल तर सेटिंगमधला प्रायव्हसी मास्क लावा. तो भाग काळा होतो आणि रेकॉर्डही होत नाही. कॅमेऱ्याचा माईक बंद ठेवा.

घराच्या आतही सगळ्यांची मर्जी लागते. 2025 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एकत्र राहणाऱ्या भावांच्या वादात म्हटलं की दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवणं हा खासगीपणाचा भंग आहे. स्त्रीला खासगी अवस्थेत चोरून पाहणं किंवा चित्रित करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची कैद.

मस्जिद आणि मदरशात गेट, चपलांची जागा, चंद्याची पेटी आणि आवार एवढं पुरे. वजूखाना, स्वच्छतागृह, महिलांची जागा आणि मुलांच्या झोपण्याच्या खोल्या वगळा. पासवर्ड कोणाकडे, फुटेज कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हे जमातीच्या बैठकीत ठरवून वहीत लिहून ठेवा आणि गेटवर 'येथे कॅमेरा आहे' अशी पाटी लावा.

घटना घडली तर

रेकॉर्डिंग स्वतःहून पुसलं जायच्या आत त्या वेळेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास धरून दोन पेनड्राईव्हवर कॉपी घ्या. स्क्रीनचं मोबाईलने शूटिंग किंवा व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला व्हिडिओ म्हणजे कॉपी नव्हे. कापाकापी करू नका, रेकॉर्डर फॉरमॅट करू नका. घड्याळ पुढे-मागे असेल तर किती, ते लिहून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाईलचा हॅश, म्हणजे तिचा आकडी ठसा, नोंदवतात. पोलिसांना रेकॉर्डर दिला तर पंचनाम्यात त्याचा सिरीयल नंबर लिहून घ्या आणि पोच मागा.

आणि एक कळकळीची विनंती : अनोळखी माणसाचं फुटेज "हाच चोर" म्हणून ग्रुपवर टाकू नका. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या दिवसांत देशभर फिरलेला एक अपहरणाचा व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा कापलेला तुकडा होता. 16 एप्रिल 2020 रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे अफवेमुळे तीन जीव गेले. फुटेज पोलिसांकडे जाईल, गल्लीत नाही, हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

महिन्यातून एक दिवस, दहा मिनिटं

कोणताही एक दिवस ठरवा आणि एवढं बघा :

1. चारही कॅमेऱ्यांचं चित्र चालू आहे का, काच स्वच्छ आहे का?
2. तारीख-वेळ बरोबर आहे का?
3. सर्वात जुनं रेकॉर्डिंग किती दिवसांपूर्वीचं आहे?
4. पंधरा दिवसांपूर्वीची रात्रीची पाच मिनिटं चालवून पाहिली का?
5. मेन स्विच बंद केल्यावर रेकॉर्डर इन्व्हर्टरवर चालू राहतो का?
6. पासवर्ड माहीत असलेल्यांपैकी कोणी काम सोडून गेलंय का?

कॅमेरा चोरी थांबवेलच असं नाही. पण नीट लावलेला, नीट सांभाळलेला कॅमेरा खऱ्या चोराला दाखवतो आणि बिनकसूर माणसाला वाचवतो. त्यासाठी कंपनीच्या नावापेक्षा ही दहा मिनिटं जास्त कामाची आहेत.