जॅक आणि टेकू

1860 साली शिकागोच्या लेक स्ट्रीटवरची दुकानांची एक अख्खी रांग, सुमारे 320 फूट लांब, साडेचार फुटांहून अधिक वर उचलली गेली. शहर दलदलीच्या सपाट जमिनीवर वसलेलं. सांडपाण्याला उतार मिळेना, म्हणून गटारांचे नळ रस्त्यावरच टाकून वर भराव घातला. मग रस्ता उंच आणि दुकानं खड्ड्यात अशी गत झाली. तेव्हा इमारतींखाली सहा हजार स्क्रू जॅक बसवले आणि सहाशे माणसं कामाला लावली. इशारा झाला की प्रत्येकाने आपल्या वाटणीचे जॅक थोडेसे फिरवायचे, मग पुढच्या इशाऱ्याची वाट पाहायची. पाच दिवस हे चाललं आणि तेवढे दिवस वर दुकानंही चालू होती. पुढच्या वर्षी ट्रेमाँट हाउस हे विटांचं मोठं हॉटेल पाच हजार जॅकांवर चढवलं. दोन्ही कामांत जॉर्ज पुलमन हा तरुण ठेकेदार होता; पुढे रेल्वेच्या शयनयान डब्यांमुळे त्याचं नाव जगभर झालं.

या कथेत गवंडी सहसा मागे राहतात. इमारत वर गेली की ते तिच्याखाली नवा पाया बांधून काढत आणि मगच जॅक सुटत. उचलायचं जॅकने, भार सोपवायचा दुसऱ्याच कशावर तरी, असा तो रिवाज होता. आज दारात उभ्या असलेल्या महिंद्राच्या थारखाली जॅक लावून लगेच आत सरकणाऱ्याला मात्र तो सांगावा लागतो. याला एक कारण खुद्द जॅकच्या इतिहासात आहे.

स्क्रूने ओझं उचलण्याची कल्पना जुनी. तेराव्या शतकातल्या व्हिलार द ओनकूरच्या वहीत असं यंत्र काढलेलं आहे, लिओनार्दो दा विंचीच्या चित्रांतही आहे. स्क्रूचा मोठा गुण म्हणजे तो आपणहून मागे फिरत नाही. आट्यांमधलं घर्षणच त्याला धरून ठेवतं. हात काढला, माणूस जेवायला गेला, तरी ओझं जागेवर. तोटा एवढाच की निम्म्याहून अधिक मेहनत त्या घर्षणातच जिरते.

ही मेहनत वाचवली ती द्रवाने. जोसेफ ब्रामाने 1795 साली लंडनमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटायचं. त्यावर चामड्याची वाटी बसवण्याची युक्ती निघाली, तिचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला दिलं जातं. दाब जितका जास्त तितकी ती वाटी भिंतीला घट्ट चिकटे. मूळचा स्कॉटिश असलेल्या रिचर्ड डजन या न्यूयॉर्कच्या कारागिराने 1851 मध्ये हाच प्रकार उचलून नेता येईल एवढा लहान करून पेटंट घेतलं. गॅरेजमधला आजचा बॉटल जॅक त्याच घराण्यातला.

हा जॅक उघडून पाहिला तर आत फारसं काही नसतं. एक बारीक दट्ट्या, एक जाड दट्ट्या, तेल, आणि तेलाला परतीची वाट अडवणारे दोन छर्रे. जाड दट्ट्याचा व्यास बारक्याच्या चौपट असला तर जोर सोळापट होतो. दांड्याचा फायदा निराळाच. पण दोन टनांची गाडी वर टिकलेली असते ती रबराच्या सीलवर आणि छर्ऱ्याखालच्या सुतासारख्या बारीक गोल कडेवर. त्या कडेवर कचऱ्याचा एक कण अडकला की तेल हळूहळू परतू लागतं. स्क्रू जे फुकट देत होता ते तेलाने काढून घेतलं. जॅक हलका आणि झटपट झाला, राखण करणारा राहिला नाही. मात्र दिसायला नवा जॅक जास्त दणकट, आणि इथेच माणसं फसतात.

मोटारींच्या काळात उचलण्याच्या तऱ्हा वाढल्या. 1925 च्या सुमारास मेंफिसच्या पीटर लुनाटीने न्हाव्याच्या वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून कल्पना घेऊन गॅरेजसाठी अख्खी मोटार उचलणारी लिफ्ट केली. 1930 च्या दशकात काही इंग्रजी मोटारींत जॅकऑल नावाची पद्धत होती. चारही जॅक गाडीच्या पोटातच बसवलेले. शौक मोठा, पण टिकला नाही.

फोर बाय फोरवाल्यांचा लाडका जॅक मात्र शेतावरून आला. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमफील्ड गावी 1905 पासून हाय-लिफ्ट जॅक बनू लागला. चार फुटी पोलादी पट्टी, तिला ओळीने भोकं, आणि एकेक भोक चढत जाणारा खटका. कुंपणाचा खांब उपटावा, तार ताणावी, चिखलात रुतलेली गाडी वर काढावी, सगळ्याला हा चाले. मोकळ्या रानात त्याला तोड नाही. पण त्याचं बूड तळहाताएवढं, आणि खाली उतरवताना दांडा निसटला तर तो जबड्यावर बसतो. अशा जॅकवर चढवलेल्या गाडीखाली जाणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा.

जीपची एक खोड मात्र जॅकशी संबंधित नाही, हँडब्रेकशी आहे. 1941 च्या विलीस जीपमध्ये हँडब्रेक चाकांना नव्हता. ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर बसवलेल्या ड्रमला होता. 1948 साली अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आलेल्या लँड रोव्हरनेही तीच मांडणी ठेवली. मुंबईत महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा हा हँडब्रेकही सोबतच आला.

एरवी तो उत्तम. पण मागचं एक चाक जॅकने उचलून पाहावं. शाफ्ट जखडलेला आहे, तरी डिफरन्शियलमुळे मागची दोन चाकं एकमेकांच्या उलट फिरू शकतात. दोन्ही जमिनीवर असली की तसं होऊ शकत नाही, म्हणून गाडी उभी राहते. एक हवेत गेलं की ते गपगुमान मागे फिरतं आणि जमिनीवरचं पुढे. हँडब्रेक पूर्ण ओढलेला, आणि जीप जॅकवरून चालू लागलेली! म्हणून जुने मिस्त्री आधी फोर व्हीलचा दांडा टाकतात. पुढचा शाफ्टही जखडतो आणि जमिनीवरची पुढची दोन चाकं गाडी धरतात. कायम फोर व्हीलवर चालणाऱ्या लँड रोव्हरमध्ये त्यासाठी मधला डिफरन्शियल लॉक लावायचा. पुढच्या हबला लॉक असतील तर तेही लावायचे, नाहीतर दांडा टाकून उपयोग शून्य. आणि एवढं करूनही चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचेच.

जॅक कुठे लावायचा हेही बदलत गेलं. पाट्याच्या स्प्रिंगांच्या जीपमध्ये अखंड अॅक्सल असे. त्याखाली बॉटल जॅक ठेवला की चाक लगेच सुटतं. चेसिसखाली लावला तर गाडी वर जाते आणि चाक आपलं खाली लोंबत राहतं. मग जॅक पुरत नाही म्हणून लोक त्याच्याखाली विटा रचू लागतात. 2010 च्या थारमध्ये पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं आणि पुढचा अॅक्सलच गेला. आता कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागेशिवाय इलाज नाही.

टेकूचं काम घोडी करते, म्हणजे जॅक स्टँड. ती दोन्ही बाजूंना, घट्ट सपाट जमिनीवर, चेसिसच्या जाड भागाखाली लावायची. जॅक हळूच सोडून भार तिच्यावर घ्यायचा, आणि आत जाण्याआधी गाडी हाताने हलवून पाहायची. वीट इथे चालत नाही, कारण ती वाकत नाही, सरळ फुटते. ऑस्ट्रेलियाने जॅकबरोबर स्टँडांनाही सक्तीची मानकं लावली आहेत.

घोडीही निर्दोष असतेच असं नाही. 2020 मध्ये अमेरिकेत अवजारांच्या एका मोठ्या दुकानसाखळीने सुमारे 17 लाख स्टँड परत मागवले. कारखान्यातले साचे झिजल्यामुळे काहींचा खटका दात्यांत पुरता बसत नव्हता आणि धक्का लागला की स्टँड खाली येऊ शकत होता. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींची वेल्डिंग कच्ची निघाली, तेव्हा तेही परत बोलवावे लागले. त्यामुळे जाणकार घोडी लावल्यावरही काढलेलं चाक बाजूच्या चेसिसखाली आडवं सरकवून ठेवतात. थारच्या चाकाची जाडी साधारण 25 सेंटिमीटर भरते, आणि काम संपेपर्यंत त्या चाकाला दुसरा उद्योगही नसतो.