लक्साचा सेवाश्रम : रुग्णाच्या उशाशी कोण बसतं?

नर्सिंग हे पांढरपेशांचं काम की अंगमेहनतीचं, हा वाद आज पगार, हुद्दा आणि रात्रपाळीच्या भाषेत घातला जातो. काशीत तो सव्वाशे वर्षांपूर्वी उभा राहिला तेव्हा प्रश्न निराळा होता. शिकलेल्या, वरच्या जातीतल्या माणसानं परक्याची घाण काढावी का? आणि संन्याशानं काढावी का?

जून 1900 मध्ये यामिनीरंजन मजुमदार या तरुणाला घाटाजवळच्या रस्त्यात एक म्हातारी उपाशी, मरणाला टेकलेली दिसली. त्यानं एका सद्गृहस्थाकडे चार आणे मागितले आणि तिच्या पोटात काही घातलं. काशीत असं दृश्य नवं नव्हतं. मोक्षासाठी येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पैसे संपत, आजार लांबे, आणि आपल्या खोलीत कुणी मरू नये म्हणून घरमालक त्यांना बाहेर काढत. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या परिसरात काशीवासाला राहिलेली मराठी माणसंही होती. आपल्याकडच्या किती आजीबाई तिथे अशाच संपल्या असतील कोण जाणे. यामिनीरंजनसोबत चारुचंद्र दास आणि केदारनाथ मौलिक होते. स्वामी विवेकानंदांचं लिखाण वाचून झपाटलेली ही मुलं वर्गणी मागत, रस्त्यातल्या आजाऱ्यांना उचलून आणत, त्यांना न्हाऊमाखू घालत आणि औषध देत. घर भाड्याचं होतं आणि नाव इंग्रजी : ‘पुअर मेन्स रिलीफ असोसिएशन’.

1902 च्या सुरुवातीला विवेकानंद काशीला आले. प्रकृती ढासळलेली होती, पुढे पाच महिन्यांतच ते गेले. संस्थेच्या नावातला उपकाराचा सूर त्यांना रुचला नाही. गरिबाचं दुःख दूर करणारे तुम्ही कोण, सेवा तेवढी करा, असं सांगून त्यांनी नाव बदलायला लावलं. संस्था ‘सेवाश्रम’ झाली आणि त्याच वर्षी रामकृष्ण मिशनमध्ये सामील झाली. मदतीसाठी एक आवाहनपत्रही त्यांनी स्वतः लिहून दिलं.

नाव बदललं म्हणून लोकांची नजर बदलत नाही. सेवेच्या याच विचारानं हरिद्वारजवळ कनखलला 1901 मध्ये निघालेल्या सेवाश्रमाचा अनुभव बोलका आहे. तिथल्या स्वामी निश्चयानंदांचं पूर्वाश्रमीचं नाव सूरजराव. हा मराठी गडी आधी फौजेत होता. ते आणि स्वामी कल्याणानंद रुग्णांचं मलमूत्र स्वतः काढत, म्हणून इतर साधू त्यांना ‘भंगी साधू’ म्हणून हिणवत आणि पंगतीला घेत नसत. हृषीकेशच्या कैलास आश्रमाचे धनराज गिरी मध्ये पडले, त्यांनी दोघांना मानानं भंडाऱ्याला बसवलं, तेव्हा बहिष्कार सुटला. पांढरी कॉलर की निळी, ही कॉलरच्या रंगाची चर्चा आपण पाश्चात्त्यांकडून घेतली. आपल्याकडे कामाचा रंग जातीनं आधीच ठरवून ठेवला होता.

काशीत 1908 मध्ये लक्सा भागात स्वामी ब्रह्मानंदांच्या हस्ते नव्या वास्तूची पायाभरणी झाली आणि 1910 मध्ये सेवाश्रम तिथे गेला. बांधकामावर देखरेख स्वामी विज्ञानानंदांची. ते पुण्यात शिकलेले इंजिनिअर. जिल्हा अभियंत्याची नोकरी सोडून रामकृष्ण मठात आलेले. तरी मठाच्या भक्तांमध्येच कुरबूर होती : दवाखाना चालवणं ही साधना कशी? श्रीरामकृष्णांची वचनं टिपून ठेवणारे महेंद्रनाथ गुप्त यांनाही शंका होती. नोव्हेंबर 1912 मध्ये श्रीरामकृष्णांच्या पत्नी सारदादेवी लक्साला आल्या, वॉर्ड पाहिले, हे ठाकुरांचंच, म्हणजे श्रीरामकृष्णांचंच, काम आहे म्हणाल्या आणि दहा रुपयांची नोट दिली. ती नोट संस्थेनं जपून ठेवली आहे. ‘आता काय म्हणता?’ असं विचारल्यावर महेंद्रनाथांनी हसत हार मानली.

पुरुषांच्या बाबतीत प्रश्न असा सुटला : त्यागाच्या वस्त्रानं काम पवित्र करून घेतलं. बायकांना ती सोय नव्हती. पुण्यात 1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन काढलं आणि विधवांना नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवलं, तेव्हा परपुरुषाला हात लावण्यावरून टीका झाली. कलकत्त्यातली सरलादेवी डफरिन रुग्णालयात रीतसर नर्सिंग शिकली. 1920 मध्ये सारदादेवींच्या अखेरच्या आजारात तिनंच त्यांची शुश्रूषा केली. पुढे तिनं काशीत पंचवीसेक वर्षं काढली, आणि 1954 मध्ये श्रीसारदा मठ निघाला तेव्हा प्रव्राजिका भारतीप्राणा या नावानं ती त्याची पहिली अध्यक्ष झाली. एक प्रशिक्षित नर्स मठाधिपती झाली, हे मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोलाचं वाटतं.

बाकीच्या नर्सना गेरू नाही, पगार आहे. त्यांचं काय, ते न्यायालयांत ठरत गेलं. 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सफदरजंग रुग्णालय ‘उद्योग’ नाही म्हटलं. 1978 मध्ये बंगळूर पाणीपुरवठ्याच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं तो निकाल फिरवला. रुग्णालय उद्योग ठरलं, म्हणजे तिथली नर्स कामगार म्हणून दाद मागू शकते. शिक्षिका मात्र कामगार नाही, असं त्याच न्यायालयानं 1988 मध्ये गोव्यातल्या एका खटल्यात म्हटलं. म्हणजे खडू धरणारी एका बाजूला, सलाईन लावणारी दुसऱ्या बाजूला. शिक्षण दोघींचं तोडीचं असलं तरी! नर्सनं याचा अपमान मानू नये, असं माझं मत आहे. कामगार असणं हे तिचं संरक्षण आहे.

पण 1978 च्या त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी एक खिडकी उघडी ठेवली. ध्येयानं भारून बहुतेक जण विनामोबदला किंवा नाममात्र मानधनावर राबत असतील, उदाहरणार्थ आश्रमवासी, तर ती संस्था उद्योग नाही. तिथे मोजके पगारी नोकर असले तरीही. साधूच्या शेजारी तेच काम करणाऱ्या पगारी माणसाच्या हक्काचं काय, याचं उत्तर त्या खिडकीतून नीट दिसत नाही.